गेम बॉयसाठी चाळीतला बोका : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

आज शेवटी माळ्यावरून ताईची सुटकेस खाली काढली. २००९ मध्ये कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिने अ‍ॅनिमेशन फिल्म केली होती, तिची सगळी चित्रं आत आहेत, पेन्सिलने काढलेली, कडेला पेग बारची (कागद एकावर एक नीट बसवायच्या पट्टीची) भोकं, कोपऱ्यात नंबर, काही कागदांवर चहाच्या कपाचे गोल. फिल्म ४ मिनिटं २० सेकंदांची. गोष्ट साधी आहे. गिरगावात आजीच्या चाळीत सकाळी कोळीण मावशी पाटी घेऊन येते, तिच्या मागे एक लठ्ठ बोका लागतो, जिन्यातून, कठड्यावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, पार तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, आणि तो वर पोचतो तेव्हा पाटी रिकामी झालेली असते. मावशी गच्चीच्या पायरीवर टेकते आणि फडक्यातून एक मांदेली काढून त्याच्यापुढे ठेवते. ती तिने आधीच बाजूला काढून ठेवलेली असते. पूर्ण फिल्ममध्ये कुणी एक शब्द बोलत नाही.

या फिल्मचा मला प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत वर जायचा गेम करायचाय, आणि तो सुद्धा १९८९ च्या मूळ गेम बॉयवर, निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या त्या यंत्रावर चालेल असा. मोबाइलवर का नाही असं ऑफिसातल्या दोघांनी विचारलं. त्याचं कारण जुनं आहे. आत्तेभावाने दुबईहून गेम बॉय आणला होता आणि त्यासोबत लायन किंगची कॅसेट, आम्ही त्याला कॅसेटच म्हणायचो, आणि टीव्हीवर पाहिलेला तो सिंहाचा छावा त्या हिरवट पडद्यावर एवढुसा होऊन उड्या मारताना बघून मला जे वाटलं होतं ते अजून गेलेलं नाही. अलादीन, लायन किंग, टॉय स्टोरी, सगळ्यांचे गेम बॉयवर गेम निघाले. आजीच्या चाळीचा पण निघू दे. ताईला अजून सांगितलेलं नाही.

१६ जून

आधी आकडे लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी भांडणं यांच्याशीच होणार. पडदा १६० × १४४ पिक्सेल. चित्र छोट्या चौकोनी तुकड्यांनी म्हणजे टाइलनी बनतं, टाइल ८ × ८ ची, म्हणजे आडव्या २० आणि उभ्या १८. छटा चार, आणि हलणाऱ्या चित्रांना म्हणजे स्प्राइटला त्यातल्याही तीनच, कारण एक पारदर्शक जाते. एका वेळी ४० स्प्राइट, पण एका आडव्या रेषेवर फक्त १०. वर्क रॅम ८ केबी. बॅकग्राउंडला एका वेळी वेगवेगळ्या टाइल जास्तीत जास्त २५६ आणि पडद्यावर जागा ३६०, म्हणजे ताईची जलरंगातली बॅकग्राउंडं जशीच्या तशी बसणं शक्यच नाही, काहीतरी परत परत वापरावंच लागतं.

पण चाळ! चाळीत मुळात तेच तर असतं, दार खिडकी दार खिडकी, कठडा कठडा कठडा. एक मजला ४८ पिक्सेलचा धरला तर पडद्यावर बरोबर तीन मजले बसतात, एक पिक्सेल पण वाया जात नाही. पूर्ण मजला ४१ टाइलमध्ये झाला. उरलेल्या टाइलमध्ये प्रत्येक खोलीला तिचं स्वतःचं काहीतरी देता येतंय, कुठे तुळशीची कुंडी, कुठे रॉकेलचा डबा, कुठे भिंतीवर टांगलेली सायकल. आजीच्या दारापुढची रांगोळी पहिली काढली, चार टाइल लागल्या, आणि कितीही कमी पडल्या तरी त्या चार काढणार नाही.

२२ जून

शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ट्राय विंग स्क्रू ड्रायव्हर. सेकंडहँड गेम बॉय मागच्या आठवड्यात एका माणसाकडून घेतलाय, तो "चालू कंडिशन" म्हणाला होता. उघडल्यावर बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवा पांढरा थर, आणि पडद्यावर उजवीकडे पाच उभ्या रेषा गायब. थर लिंबाच्या रसाने काढला (अल्कलाइन सेल गळला की त्यावर आंबट लागतं), मग अल्कोहोलने पुसलं. उभ्या रेषा बहुतेक वेळा पडद्याच्या खालच्या रिबनचा सांधा सुटल्याने जातात, त्यावर कमी तापवलेलं सोल्डरिंग आयर्न हळूहळू फिरवायचं असतं. पाचपैकी चार परत आल्या. पाचवीसाठी अजून एकदा फिरवलं, ती पण आली. हात थरथरत होता, कारण जास्त गरम झालं तर रिबनच जळते आणि मग उपाय नाही.

८ जुलै

रात्रभर पाऊस, पहाटे सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिमीच्या वर पडला, लोकल बंद, ऑफिस घरून. दुपारनंतर उडीवर बसलो.

मी जीबीडीके (गेम बॉयसाठी प्रोग्रॅम लिहायची साधनं) वापरून सी भाषेत लिहितोय. पिक्सेलचे सोळा भाग करून हिशोब ठेवलाय, म्हणजे अपूर्णांक लागत नाहीत. उडीचा सुरुवातीचा वेग ५६, दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, २ ने कमी. शाळेतल्या सूत्राने उंची ४९ पिक्सेल येते, मजला ४८, म्हणजे बोका कठड्यावर जेमतेम पोचणार, आणि मला जेमतेमच हवं होतं कारण फिल्ममधला बोका जाडा आहे. तर काय झालं की पोचेचना. प्रत्येक वेळी अगदी नखभर कमी. तास दीड तास टक्कर शोधणारा कोड तपासत बसलो आणि चूक तिथे नव्हतीच. मी आधी वेग कमी करत होतो आणि मग बोक्याला हलवत होतो. तसं केलं की पहिल्या फ्रेमलाच ५४, मग ५२, असं शून्यापर्यंत, बेरीज ७५६, भागिले १६, म्हणजे ४७.२५ पिक्सेल. तेच आधी हलवून मग वेग कमी केला तर ८१२, म्हणजे ५०.७५. दोन ओळींची अदलाबदल आणि बोका कठड्यावर. त्या क्षणी दिवे गेले पण लॅपटॉप चालू होता.

२१ जुलै

आता खरा प्रॉब्लेम. सुटकेसमधली २१२ ते २२० नंबरची चित्रं. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून समोरच्या पत्र्यावर उडी मारायच्या आधी बोका दबा धरतो, खांदे खाली जातात, मागचा भाग वर येतो, ढुंगण डावीकडे उजवीकडे हलतं, शेपटीचं फक्त टोक वळतं. नऊ चित्रं. २१६ वर समासात ताईने लाल पेन्सिलने लिहिलंय "थांब!!" आणि खाली दोन रेघा मारल्यात. त्या जागी पेन्सिल इतकी दाबलीय की कागद मागून हाताला लागतो.

ही नऊ चित्रं म्हणजे बोका आहे. ती काढली तर कुठलंही मांजर राहतं.

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दबा धरायला पाऊण सेकंद. गेम बॉय सेकंदाला जवळपास ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्राला पाच फ्रेम, एकूण ४५. बटण दाबल्यापासून ४५ फ्रेमनी उडी! करून बघितलं. खेळणाऱ्याला वाटतं बटण खराब आहे. शेजारच्या सातवीतल्या मुलाला दिलं तर त्याने तीनदा दाबलं, मग गेम बॉय उलटा करून बघितला आणि म्हणाला, "काका, अडकतंय."

२८ जुलै

४५ च्या जागी २०, मग ८, मग ०. आठला पण चिकट वाटतं. शून्याला हाताला एकदम छान, पण बघायला मेलेलं.

रात्री जुन्या लोकांनी काय केलं ते वाचत बसलो. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वं मांडली त्यात हे आहेच, अँटिसिपेशन, म्हणजे कृतीच्या आधीची तयारी, ती दिसली की बघणाऱ्याला पुढचं कळतं. पण फिल्म बघणारा नुसता बघतो. खेळणाऱ्याने तयारी त्याच्या अंगठ्यात आधीच केलेली असते, त्याला परत दाखवली की त्याला ती अडवणूक वाटते.

१९९३ चा सेगाचा अलादीन घ्या, त्यात डिस्नेच्याच अ‍ॅनिमेटर्सनी कागदावर चित्रं काढली आणि ती कॉम्प्युटरवर घेतली, बघायला अजून डोळे निवतात. त्याच वर्षी कॅपकॉमने सुपर निन्टेंडोसाठी वेगळाच अलादीन केला, शिंजी मिकामी त्याचे डिझायनर, त्यात तलवारच नाही, शत्रूंच्या डोक्यावर उडी मारायची, आणि हाताला तो जास्त गोड लागतो. फिल्म एकच, कुणी डोळ्याची बाजू धरली कुणी हाताची. आणि तिसरा रस्ता प्रिन्स ऑफ पर्शियाचा, जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यावरून एकेक चित्र केलं. तिथे राजपुत्र उडीच्या आधी पावलं जुळवतो आणि खेळणाऱ्यालाच त्याच्या लयीत यावं लागतं, पूर्ण गेम त्यावर उभा आहे. पण माझा बोका कोळणीच्या मागे पळतोय, तिथे एवढा धीर मागता येणार नाही.

तूर्त शून्यावर ठेवलंय. उडताना पहिल्या दोन फ्रेमला बोका लांब ताणलेला आणि पडल्यावर सहा फ्रेम पसरलेला, एवढं जमलं. सोबत दोन नेहमीच्या सवलती दिल्यात. कठडा संपल्यावरही पाच फ्रेमपर्यंत उडी मान्य, आणि जमिनीला टेकायच्या पाच फ्रेम आधी बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवायचं. हे कुणाला दिसत नाही, पण काढलं की लगेच चिडचिड होते.

११ ऑगस्ट

तिसऱ्या मजल्यावर शेपटी गायब होत होती. फक्त तिथेच, आणि फक्त मावशी जवळ असताना. रेषेवर दहाचा नियम मला माहीत होता म्हणून हिशोब करून ठेवला होता, बोका ३, शेपटी १, मावशी २, एक कबुतर २, बेरीज ८, मग अडचण काय? तीन संध्याकाळी गेल्या यात. ऑफिसमधून येताना बोरिवलीपर्यंत डोक्यात तेच.

शेवटी एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) स्प्राइटची यादी उघडून एकेक ओळ वाचली. तिथे अजून दोन कबुतरं होती. ती उडून गेलेली, मी त्यांना लपवायला आडवी जागा ० दिली होती, म्हणजे पडद्याच्या डावीकडे बाहेर. पण गेम बॉय रेषेवरचे दहा मोजताना आडवं बघतच नाही, फक्त उभी जागा बघतो, आणि यादीत जे आधी ते घेतो. म्हणजे न दिसणारी कबुतरं रांगेत उभी होती आणि यादीत शेवटी असलेल्या शेपटीचा नंबरच लागत नव्हता. आता लपवायचं असेल तर उभी जागा ० देतो. शेपटी आली, आणि कबुतरांच्या आधी तिचा नंबर लावलाय, कारण कबुतर एखाद्या फ्रेमला लुकलुकलं तर चालेल, शेपटी नाही.

२५ ऑगस्ट

या आठवड्यात गाडीत टेस्टिंग. सकाळी ९ च्या गाडीत दोन्ही हात मोकळे मिळणं शक्य नाही त्यामुळे दुपारी सुटलेल्या दोन दिवशी चर्चगेट स्लो पकडली, खिडकी मिळाली. गेम बॉयला मागून लाइट नाही, तो उन्हावरच चालतो, आणि गाडी वळली की ऊन या हातावरून त्या हातावर जातं, आपण पण गेम बॉय तसा तसा फिरवत राहतो.

पहिल्याच मजल्यावर कळलं की भिंत चुकलीय. एम्युलेटरवर मी भिंतीला ठिपक्या ठिपक्यांचा पोत दिला होता, जुना चुना वाटावा म्हणून, छान दिसत होता. खऱ्या पडद्यावर चित्र सरकलं की मागचं पुसायला वेळ लागतो, त्यामुळे ठिपक्यांचा राखाडी चिखल होतो आणि बोका त्यात बुडतो. फिल्ममध्ये बोका तांबूस, भिंत निळसर, रंगच त्यांना वेगळं ठेवतात. इथे दोघं राखाडी. तर भिंत आता सगळ्यात फिकट दोन छटांत, सपाट, पोपडे फक्त कोपऱ्यात, आणि बोक्याला बाहेरून गडद रेघ. ताईच्या भिंतीसाठी जीव तुटला, पण बोका दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट लांबीची. दादर ते प्रभादेवी एक मजला नीट होतो, गाडी थांबली की माणूस आपोआप मान वर करतो. तेव्हा प्रत्येक मजला असा हवा की तेवढ्यात संपेल आणि मान वर करता येईल. चार मजले आणि गच्ची. चौथा फार लांब झाला होता, त्यातलं मोरीचं सगळं काढून टाकलं.

७ सप्टेंबर

गणपती आले. दहा दिवस काही नाही. फक्त एक, आरतीच्या वेळी झांजा ऐकताना सुचलं म्हणून लिहून ठेवतो. गेम बॉयला आवाजाचे चार चॅनल, दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज. कुकरची शिट्टी नॉइजवर, पेटीचा सूर वेव्हवर, त्यात ३२ छोट्या पायऱ्यांनी लाटेचा आकार आपल्याला हवा तसा काढता येतो.

२९ सप्टेंबर

सापडलं.

काल फिल्म परत लावली होती, आवाज बंद करून. दबा धरायच्या आधीची जागा बघत होतो आणि लक्षात आलं की मी आजवर चुकीचं बघत होतो. बोका उडी मारायचं ठरवून मग दबा धरत नाही. तो कठड्याच्या टोकाशी येतो, समोरचा पत्रा बघतो, आणि ठरत नसतं म्हणून ढुंगण हलवत बसतो. ते "थांब!!" उडीचा भाग नाहीच, ते उडीच्या आधीचं न ठरणं आहे. आणि खेळणारा माणूस तिथे काय करतो? तो पण टोकाशी येतो आणि थांबतो! मधलं अंतर बघतो, अंगठा बटणावर, दाबत नाही. ते दोघं एकाच वेळी तेच करत असतात.

म्हणून दबा बटणाच्या नंतर ठेवायचाच नाही, आधी ठेवायचा. बोका उभा आहे, पुढच्या पावलाखाली टाइल रिकामी आहे, आणि १२ फ्रेम काही दाबलेलं नाही, तर २१२ ते २२० सुरू. खांदे खाली, ढुंगण वर, हलवतोय, हलवतोय, जोवर तुम्ही थांबाल तोवर. आणि कुठल्याही चित्रावर बटण दाबलं की त्याच फ्रेमला उडी. उशीर शून्य. नऊपैकी सहा चित्रं जागेत बसली, ढुंगणाच्या हालचालीची चार त्यात आहेत, २१६ अर्थातच आहे.

रात्री दोन वाजेपर्यंत नुसता टोकाशी उभा करून बघत होतो. शेजारच्या मुलाला आज दिलं, तो काही बोलला नाही, पण प्रत्येक टोकाला गेला की थांबायला लागला.

१३ ऑक्टोबर

शब्द फक्त दोन ठेवले, "सुरू" आणि "पुन्हा". ८ × ८ मध्ये देवनागरी बसत नाही, उकार आणि रफार चिरडतात, म्हणून उंची १६ घेतली आणि प्रत्येक शब्द अक्षरांनी न जोडता सलग चित्र म्हणून काढला. शिरोरेषेमुळे टाइलचे सांधे मात्र अजिबात दिसत नाहीत.

शेवट झाला. पाटी रिकामी, मावशी पायरीवर टेकते, फडकं सोडते, मांदेली ठेवते. इथे बटणं बंद केलीत, खेळणाऱ्याने काही करायचं नाही. पूर्ण गेम १२८ केबी झाला. कोऱ्या कॅसेटवर चढवला, लेबलवर ताईचंच २१६ नंबरचं चित्र.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ओवाळून झाल्यावर ताटात पाकिटाच्या जागी कॅसेट ठेवली. ताईने लेबल बघितलं आणि बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "हे कुठून काढलंस रे?" गेम बॉय हातात दिला. आई म्हणत होती आधी जेवून घ्या, कुणी ऐकलं नाही.

तळमजला तिने दुसऱ्या प्रयत्नात केला. पहिल्या मजल्याच्या कठड्याच्या टोकाशी आली, पत्र्याच्या समोर, आणि थांबली. बोक्याने खांदे खाली घातले. ताईचा अंगठा बटणावरून वर उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला, नखावर कुंकू लागलेलं, आणि ती बघत बसली, दहा सेकंद, वीस सेकंद, बोका हलवतोय आणि ती बघतेय. मग म्हणाली, "शेपटीचं टोक पण ठेवलंस."

गच्चीपर्यंत पोचायला तिला तासभर लागला. आजीची रांगोळी तिने लगेच ओळखली. मावशीच्या फडक्याबद्दल म्हणाली की गाठ इतकी पटकन सुटत नाही, अजून जरा वेळ दे. आणि जाता जाता एक खरी चूक काढली. बोका टोकाकडे पाठ करून उभा असला तरी ढुंगण हलवतो. मी दोन्ही बाजूची टाइल तपासत होतो, फक्त तोंड ज्या बाजूला आहे तिकडची तपासायला हवी.

तिला सोडून आल्यावर दोन्ही दुरुस्त केलं. गाठीला ४० फ्रेम वाढवल्या. नवीन रॉम, म्हणजे गेमची फाइल, तिला पाठवली, रात्री १:१०.